बेसमेंटमधलं विमान

मिशिगनचा हिवाळा कसा काढायचा याची प्रत्येक घराची आपापली युक्ती असते. कोणाकडे पत्त्यांचे डाव रंगतात, कोणी दर शनिवारी पॉटलक ठेवतं, तर कोणी मोठ्या उत्साहाने ट्रेडमिल विकत आणून डिसेंबरपासून तिच्यावर कपडे वाळत घालतं. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पाच-सव्वापाचलाच अंधार पडतो. तिथून मार्च संपेपर्यंत आम्हा नोव्हायकरांचं आयुष्य या गराजमधून त्या गराजमध्ये एवढंच उरतं. अशाच एका हिवाळ्यात इथल्या आम्ही तीन मराठी घरांनी मिळून एक वेगळा उद्योग केला. लाकडी किट आणून रेडिओवर चालणारं विमान बांधलं आणि उडवलंसुद्धा. मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे बरेच जण त्याबद्दल विचारत असतात, म्हणून हा लेख.

"बांधलं" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. कारण हल्ली दुकानात फोमची तयार विमानं मिळतात. खोकं उघडायचं, चार स्क्रू पिळायचे, बॅटरी लावायची की अर्ध्या तासात मैदानावर. ती उडतातही छान. पण आपटली की बहुतेकांची रवानगी कचऱ्याच्या डब्यात होते, कारण आत काय आहे हे आपल्याला ठाऊकच नसतं. लाकडी किटचं तसं नाही. त्याच्या खोक्यात असतात लाकडाचे पातळ पत्रे, लांब काठ्या, थोडं प्लायवूड, तारा, खिळे-स्क्रूंची पिशवी आणि धोतराएवढा लांब नकाशा. आमचं खोकं उघडल्यावर पाचही मुलांनी एकच प्रश्न विचारला, "पण यात विमान कुठे आहे?" पुढचे पाच महिने त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेले.

सावरीचा दूरचा भाऊ

विमानाच्या किटमधलं मुख्य लाकूड म्हणजे बाल्सा. हातात घेतलं की लाकूड उचललं आहे असं वाटतच नाही. ओकचा एक घनफूट ठोकळा चाळीस पौंडांच्या वर भरतो. बाल्सा मात्र साधारण पाच ते पंधरा पौंडांत बसतो आणि विमानासाठी त्यातलाही हलका निवडून घेतात. गंमत अशी की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे ओकसारखंच रुंद पानांच्या झाडाचं, म्हणजे 'कठीण' वर्गातलं लाकूड आहे. नखाने खूण उमटते, तरी नाव कठीण!

हे झाड दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. जगाला लागणारा बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो. झाड इतकं झपाट्याने वाढतं की पाच-सात वर्षांत तोडणीला येतं. वाढताना पेशींमध्ये भरपूर पाणी असतं. भट्टीत ते पाणी काढून टाकलं की मागे उरते हवेने भरलेली जाळी. म्हणून ते हलकं, आणि जाळी उभ्या धाग्यांची असल्याने त्या दिशेला चांगलं ताकदवान. स्पॅनिशमध्ये बाल्सा म्हणजे तराफा. १९४७ साली थॉर हायरडाल आणि त्याचे सोबती पेरूहून पॅसिफिक ओलांडायला निघाले तो 'कॉन-टिकी' तराफा बाल्साच्याच ओंडक्यांचा होता. तो १०१ दिवस समुद्रात टिकला. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या 'मॉस्किटो' विमानाचं अंगही बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून केलेलं होतं. आणि २०२० च्या सुमारास चीनमध्ये पवनचक्क्यांची मागणी एकदम वाढली, तेव्हा त्यांच्या पात्यांसाठी इक्वेडोरचा बाल्सा उचलला जाऊ लागला आणि छंदवाल्यांना त्याची टंचाई जाणवली.

आपल्यासाठी याहून जवळची गोष्ट अशी की बाल्सा आणि आपली काटेसावर ही दोन्ही झाडं एकाच कुळातली. फाल्गुनात पानं झाडून लाल फुलांनी पेटलेली, जिच्या बोंडांतला कापूस आजी उशीत भरायची, तीच सावर. बाल्साच्या शेंगांतही असाच रेशमी कापूस असतो. सावरीचं लाकूडही हलकं, आगपेटीच्या काड्यांसाठी वापरलं जाणारं. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी काटेसावर कशी दिसते ते शोधून काढलं. भिंतीवर नकाशाशेजारी तिचं चित्र पाच महिने लटकत होतं.

हा छंद इथलाच

आपण राहतो त्या मिशिगनचा या छंदाशी किती जवळचा संबंध आहे हे आम्हालाही काम सुरू केल्यावरच कळलं. नोव्हायहून साधारण दोन तासांवर कॅलामझू आहे. तिथल्या कॉलेजात शिकणाऱ्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओने हुकूम घेणारं लाकडी विमान उडवलं. एकाला विमानं बांधण्याचा नाद, दुसऱ्याला हौशी रेडिओचा. दोन नाद एकत्र आले आणि 'गफ' नावाचं विमान जन्माला आलं. ट्रान्झिस्टर यायला अजून दहा वर्षं होती. त्यामुळे विमानात काचेच्या नळीचा रिसीव्हर आणि त्याच्या जड बॅटऱ्या. सुकाणू हलवण्याचं काम पिळलेल्या रबराच्या जोरावर चालायचं. रेडिओचा इशारा आला की रबराची एक पायरी सुटायची, बस्स. त्या विमानाने पुढे राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या आणि १९६० मध्ये ते स्मिथसोनियन संग्रहालयाला भेट देण्यात आलं. रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानांची अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय स्पर्धाही १९३७ सालीच, आपल्या डेट्रॉइटमध्ये झाली.

आणि पाहुणे आले की आपण त्यांना हमखास जिथे नेतो त्या डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये राइट बंधूंचं सायकलचं दुकान आहे. हेन्री फोर्डने ते १९३७ मध्ये ओहायोतल्या डेटनहून उचलून इथे आणवलं. आपण तिथे फोटो काढतो आणि आईस्क्रीमच्या रांगेत जातो. पुढच्या वेळी मुलांना एवढं सांगा, की १८७८ साली या भावांच्या वडिलांनी बूच, बांबू आणि कागदाचं, रबराच्या पिळावर उडणारं एक खेळणं घरी आणलं होतं. ते तुटल्यावर पोरांनी तसंच दुसरं स्वतः करून पाहिलं. १७ डिसेंबर १९०३ ला जे बारा सेकंद आणि १२० फूट उडालं, त्याची सुरुवात तिथे झाली असं ते भाऊ स्वतः सांगत.

इथे कोणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव काढणार हे आम्हाला माहीत आहे. आमच्या पॉटलकमध्येही ते निघालंच. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं ही कथा आपल्याकडे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते, पण त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही. मराठी माणसाचं नाव घ्यायचंच तर कॅप्टन अमोल यादवांचं घ्यावं. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. शिवाय महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांतून एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये विमानांची मॉडेल्स बांधायला कित्येक वर्षं शिकवतात. आमच्या तीन घरांतले एक बाबा त्याच वाटेने आले होते, आणि 'बाल्सा' हा शब्द आधीपासून माहीत असलेले आमच्यात ते एकटेच.

दार आडवं, नकाशा वर

प्रत्यक्ष कामाला पहिली गरज असते ती सपाट जागेची. पंख वाकडा झाला तर विमान आयुष्यभर एका अंगाला ओढ घेतं. इथले जुने जाणते लोक त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातलं पोकळ आतलं दार आणतात, कारण ते स्वस्त आणि सपाट असतं. आम्ही तेच केलं. दोन घोड्यांवर दार आडवं टाकलं, त्यावर टाचण्या रुततील असा छताचा मऊ तक्ता, त्यावर खऱ्या मापाचा नकाशा आणि नकाशावर गोंद चिकटू नये म्हणून स्वयंपाकघरातला मेणकागद. नकाशावरच्या रेघेवर लाकडाचा तुकडा ठेवायचा, टाचण्यांनी धरायचा, शेजारचा तुकडा लावायचा, गोंदाचा थेंब सोडायचा.

आमचं विमान शिकाऊ लोकांचं होतं. पंख वर बसवलेला, टोकापासून टोकापर्यंत सत्तर इंच. १९९० च्या दशकापर्यंत असल्या किटमधले तुकडे साच्याने ठोकून कापलेले असत, लाकूड चेपलेलं निघे आणि निम्मे तुकडे घरी पुन्हा तासावे लागत. आता लेझरने कापतात. तुकडे पत्र्यातून अलगद सुटतात, कडेला फक्त जळल्याचा काळा रंग राहतो.

दिवाळीत ज्यांनी कामट्यांचा आकाशकंदील घरी बांधला आहे त्यांना पंखाची रचना नवी नाही. पंखाच्या लांबीभर धावणारी काठी म्हणजे कणा. त्यावर ओळीने उभ्या राहतात बरगड्या. प्रत्येक बरगडी वरून फुगीर आणि खालून सपाट, कारण पंखाला उचल मिळते ती त्याच आकारामुळे. पुढची कड गोल, मागची कड धारदार. दोन पंख मध्ये जोडताना त्यांची टोकं किंचित वर ठेवतात, इंग्रजी व्ही अक्षर पसरून ठेवल्यासारखी. त्यामुळे विमान एका बाजूला कललं तर आपोआप पुन्हा सरळ व्हायला बघतं. शिकणाऱ्याला याच्याइतका मोठा मित्र नाही.

या टप्प्यावर आमच्या उद्योगात आजोबा आले. तिघांपैकी एका घरचे आजोबा सहा महिन्यांसाठी साताऱ्याकडून आले होते. सातारा जिल्ह्यातल्या एका आय.टी.आय.मध्ये त्यांनी उभी हयात सुतारकामाचे निदेशक म्हणून काढली होती. इथे येऊन त्यांचं काय होतं, हे ज्यांच्याकडे आईवडील येऊन राहिले आहेत त्यांना सांगायला नको. गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ, दुपारी घरात कोणी नाही, टीव्हीवरच्या मालिका संपल्या की खिडकीतून खारी बघायच्या. बेसमेंटमध्ये दार आडवं पडलं तसे ते दुसऱ्याच दिवशी चष्मा पुसत खाली उतरले. आणि मग रोजच.

विमान त्यांनी कधी बांधलं नव्हतं. पण लाकूड त्यांना माहीत होतं. नकाशावरचं इंग्रजी मुलं वाचून दाखवायची आणि काम कसं करायचं ते आजोबा सांगायचे. "अगं, धागा कुठल्या अंगाला जातोय ते बघ आधी. कापायचं नंतर." काटकोन तपासायला गुण्या, कड घासायला पॉलिश पेपर ठोकळ्यावर गुंडाळून, जुळवून धरायला शिकंजा. पंख आणि शेपूट एकमेकांशी काटकोनात आहेत का हे बघायला त्यांनी एक साधा दोरा घेतला. शेपटाच्या टोकापासून उजव्या पंखाच्या टोकापर्यंत माप, मग तोच दोरा डाव्या टोकाला. दोन्हीकडे सारखा भरला तर विमान सरळ. पुढे पुस्तिका वाचताना मुलांना कळलं की तिच्यातही हीच रीत दिली आहे!

रविवारच्या मराठी शाळेत आमची मुलं फळांची आणि प्राण्यांची नावं शिकतात, चांगलंच आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला आजोबांशी रोज तासभर बोलायला हत्ती-घोडा पुरत नाही. इथे तिला "तिरका कापू का सरळ?", "घट्ट बसत नाही", "अजून थोडं तास" अशी वाक्यं लागत होती, कारण त्याशिवाय काम पुढे जात नव्हतं. शब्द अडला की ती हाताने दाखवायची, आजोबा शब्द द्यायचे. भाषा शिकवतो आहोत असं त्या दोघांच्याही मनात नव्हतं.

गोंदाबद्दल एक सावधगिरीची सूचना. या कामात सुपरग्लूच्या जातीचा पातळ गोंद वापरतात. तो क्षणात धरतो, आणि बोटंही तितक्याच क्षणात चिकटवतो. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. तेव्हा पंखा लावून हवा खेळती ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. मोटर बसते ती पुढची प्लायवूडची भिंत आणि पंखाचा मधला सांधा इथे मात्र सावकाश वाळणारा इपॉक्सीच हवा.

घोटीव कागदाच्या जागी

सांगाडा पूर्ण झाला तो फेब्रुवारीत. तो खरं तर तसाच भिंतीवर टांगावा इतका सुरेख दिसतो. पण त्यावर आवरण चढवायचं असतं. जुन्या काळी पातळ कागद किंवा रेशीम लावून वरून उग्र वासाचा डोप लावत. आता प्लॅस्टिकची रंगीत फिल्म येते. तिच्या एका अंगाला उष्णतेने चिकटणारा थर असतो. छोट्या इस्त्रीने कडा चिकटवायच्या, मग गरम हवेच्या झोताने मधला भाग तापवायचा. सुरकुत्या डोळ्यांदेखत नाहीशा होतात आणि पंख ढोलकीसारखा ताणला जातो. हे काम आमच्यात सगळ्यात चांगलं जमलं ते साड्यांना फॉल लावण्यात हात बसलेल्या एका आईला. रंग निवडताना हौसेबरोबर सोयही बघावी लागते. वर आणि खाली एकच रंग असेल तर तीनशे फुटांवर गेलेलं विमान सरळ आहे की उलटं हे कळत नाही. म्हणून आम्ही वर पिवळा आणि खाली गडद निळे पट्टे घेतले.

मग मोटर, बॅटरी, रिसीव्हर आणि सर्व्हो नावाच्या चार छोट्या मोटरी. पूर्वी या आकाराच्या विमानात तेलकट धूर सोडणारं इंजिन असायचं. आम्ही विजेची मोटर बसवली. शेजाऱ्यांना आवाज नाही आणि गराजला वास नाही. तिच्या लिथियम बॅटऱ्या मात्र जपून हाताळाव्या लागतात. चार्जिंग नेहमी न जळणाऱ्या जागेवर आणि कोणीतरी समोर असतानाच.

शेवटची परीक्षा तोल साधण्याची. पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश भागात, नकाशावर दाखवलेल्या खुणेवर दोन बोटांनी विमान उचलायचं. ते आडवं राहिलं पाहिजे किंवा नाक किंचित खाली. नाक जड असेल तर विमान कुरकुरत उडतं. शेपूट जड असेल तर एकदाच उडतं, असं मैदानावरचे अनुभवी लोक म्हणतात. आमच्या विमानाला बॅटरी जरा पुढे सरकवून काम भागलं.

सरकारचे नियम

आता जरा रूक्ष पण आवश्यक भाग. अमेरिकेत एफ.ए.ए.च्या दृष्टीने मॉडेल विमान आणि ड्रोन एकाच पंगतीत बसतात. २५० ग्रॅमच्या वरचं काहीही उडवायचं तर नोंदणी हवी. हौशी लोकांना ती पाच डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी मिळते आणि तोच नंबर तुमच्या सगळ्या विमानांना चालतो. नंबर बाहेरून दिसेल असा लिहायचा. 'ट्रस्ट' नावाची छोटी परीक्षा फुकट आणि घरबसल्या देता येते. तिचं प्रमाणपत्र उडवताना जवळ ठेवायचं. विमान कायम नजरेसमोर हवं. नियंत्रण नसलेल्या आकाशात चारशे फुटांच्या वर जायचं नाही आणि विमानतळाजवळच्या नियंत्रित आकाशात आधी परवानगी घ्यायची. शिवाय आता 'रिमोट आयडी' नावाचं ओळख सांगणारं यंत्र विमानात लागतं. एफ.ए.ए.ने मान्यता दिलेल्या मैदानांवर मात्र त्यातून सूट आहे.

आपल्याकडे पश्चिमेला न्यू हडसनचा छोटा विमानतळ, दक्षिणेला विलो रन आणि डेट्रॉइट मेट्रो. त्यामुळे घरामागच्या सॉकरच्या मैदानावर जाऊन उडवू, हा विचार मनातून काढून टाकावा. सरळ मार्ग म्हणजे क्लब. आपल्या भागात जुने क्लब आहेत. अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही १९३६ साली स्थापन झालेली देशव्यापी संस्था. तिचं सभासदत्व घेतलं की विमा मिळतो आणि बहुतेक क्लब तो मागतातच. तिचं मुख्यालय आणि संग्रहालय इंडियानातल्या मन्सी गावी, इथून चारेक तासांच्या अंतरावर आहे.

क्लबच्या मैदानावर जुन्या दिवसांची एक गोष्ट ऐकायला मिळाली. २००५ च्या आधी सगळे रेडिओ ठराविक चॅनेलवर चालत. दोघांनी एकाच चॅनेलवर रेडिओ सुरू केला की विमान पडलंच. म्हणून मैदानाच्या फळीवर चॅनेलचे नंबर लिहिलेले, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले असत. ज्याच्या हातात चिमटा त्याचाच रेडिओ चालू. आता २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आपली वाट आपणच शोधतात.

एप्रिलचा वारा

आजोबांचं परतीचं तिकीट एप्रिलच्या शेवटच्या रविवारचं होतं. आणि मिशिगनचा एप्रिल कसा असतो ते तुम्ही जाणता. पहिल्या शनिवारी बर्फ. दुसऱ्या शनिवारी पाऊस. तिसऱ्या शनिवारी ऊन लखलखीत, पण मैदानावरचा वाऱ्याचा मोजा ताठ आडवा. क्लबमधले शिकवणारे गृहस्थ, मोटार कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, स्पष्टपणे म्हणाले की नव्या विमानाचं पहिलं उड्डाण अशा वाऱ्यात करू नये.

त्या संध्याकाळी आमच्यात दोन तट पडले. निम्म्यांचं म्हणणं, पाच महिन्यांचं काम आहे, आजोबांना नुसतं मैदानावर नेऊन फोटो काढू, उडवायचं जूनमध्ये बघू. एका क्षणात चुरा झाला आणि आजोबा तेच डोळ्यांत घेऊन गेले तर? मुलं गप्प होती. शेवटी आजोबाच म्हणाले, "उडवायलाच केलंय ना ते? मग उडवा. मोडलं तर लाकूडच आहे."

शेवटच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी वारा पडला. सहाच्या सुमारास तिन्ही घरं कामावरून थेट मैदानावर. शिकण्याची पद्धत फार चांगली असते. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो ना, तसे दोन रेडिओ एकमेकांना जोडतात. शिक्षकाने बटण धरलं की विमान विद्यार्थ्याच्या हातात, सोडलं की पुन्हा शिक्षकाकडे. त्यांनी विमान वर नेलं, दोन फेऱ्या मारून सरळ उडेल असं जुळवलं आणि बटण धरून आमच्या मुलीला म्हणाले, आता तुझं.

सगळ्यात अवघड गोष्ट असते ती विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हाची. तेव्हा त्याचं डावं-उजवं आपल्या उलट होतं. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला दांडी ढकलायची, जणू पंखाला टेकू देतो आहोत. तिने सहा मिनिटं उडवलं. मोठे आठ आकडे काढले, थोडे वेडेवाकडे. आजोबा पूर्ण वेळ उभे होते. मागे ठेवलेल्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही.

उतरवताना रेडिओ शिक्षकांकडे होता. जमीन दहा फुटांवर असताना झाडांच्या कडेने अचानक एक झोत आला. डावा पंख टेकला आणि विमान गर्रकन फिरलं. गेलो तर तीन बरगड्या मोडलेल्या, पुढची कड चिरलेली आणि पिवळी फिल्म लोंबत होती. शिक्षकांना आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मुलांपैकी एकाचे डोळे भरले. आजोबांनी पंख हातात घेतला, मोडलेल्या जागी बोट फिरवलं आणि विचारलं, "घरी बाल्साची पट्टी उरली आहे का?"

उरली होती. गुरुवार आणि शुक्रवार, दोन संध्याकाळी. फाटलेली फिल्म चौकोनी कापून काढली. नकाशा पुन्हा दारावर पसरला, कारण मोडलेल्या बरगडीचा आकार त्याच्यावर होताच. तीन नव्या बरगड्या कापल्या. चिरलेल्या कडेला आजोबांनी सरळ सांधा करू दिला नाही. दोन्ही तुकडे लांब तिरके कापायला लावले, म्हणजे गोंदाला जास्त जागा मिळते आणि ओढ एका रेघेवर येत नाही. कापायचं काम त्यांनी स्वतः केलं नाही, मुलीकडूनच करून घेतलं. शनिवारी फिल्मचं ठिगळ लागलं. रविवारी आजोबा गेले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विमान पुन्हा उडालं आणि या वेळी शिक्षकांनी नीट चाकांवर उतरवलं. व्हिडिओ साताऱ्याला पाठवला. सकाळी आजोबांचा फोन आला. उड्डाणाबद्दल ते काही बोलले नाहीत. पहिला प्रश्न, "सांधा टिकला का?"

टिकला आहे. त्या उन्हाळ्यात विमान कितीतरी वेळा उडालं, आणखी एकदा चाकांपाशी मोडलं. ते मुलांनीच दुरुस्त केलं, कोणालाही न विचारता.

करून बघायचं असेल तर

ज्यांना हे करावंसं वाटतं त्यांच्यासाठी थोडा हिशेब. आम्हाला किट, मोटर, बॅटऱ्या, रेडिओ, फिल्म आणि गोंद धरून सगळं मिळून सहाशे डॉलरच्या आत लागले. तिघांत वाटल्यावर एका घराला हॉकीच्या एका सीझनपेक्षा पुष्कळ कमी. वेळ मात्र लागतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी धरल्या तर नोव्हेंबरात सुरू केलेलं मार्चमध्ये उभं राहतं. पहिलं विमान शिकाऊच घ्या. लढाऊ विमानाचं किट दिसायला रुबाबदार असतं, पण ते पहिल्या वर्षाचं काम नाही. आणि विमान पूर्ण होण्याआधीच हिवाळ्यात क्लबच्या एखाद्या बैठकीला जाऊन या. मैदानावरची मंडळी बहुतेक साठीच्या पुढची असतात. एखादं मूल लाकडी विमान घेऊन आलेलं दिसलं की त्यांना किती आनंद होतो ते एकदा बघाच.

लहान मुलांना एकदम एवढं मोठं काम नको असेल तर रबराच्या पिळावर उडणारं पंधरा-वीस इंचांचं बाल्साचं विमान घ्या. दोन शनिवारांत होतं. शाळेतल्या सायन्स ऑलिम्पियाडमध्ये काही वर्षी अशाच विमानांची स्पर्धा असते, हे पालकांनी लक्षात ठेवावं. अर्थात अर्जात लिहायला एक ओळ मिळावी एवढ्याचसाठी करणार असाल तर त्यापेक्षा फोमचं तयार विमान बरं. लाकूड घाई सहन करत नाही.

आणि तुमच्याकडे या हिवाळ्यात आईबाबा येणार असतील तर किट ते येण्याआधी मागवून ठेवा. त्यांना सुतारकाम येत असलंच पाहिजे असं नाही. टाचण्या धरायला, इस्त्री फिरवायला, दोरा धरायला, "वाकडं दिसतंय" असं सांगायला माणसं लागतातच. आमच्या तीन घरांत पुढच्या किटवरून सध्या वाद चालू आहे. मुलांना समुद्रावरून उडणारं हवं आहे, आम्हाला गराजमध्ये मावणारं. दार अजून घोड्यांवर आडवंच आहे. कोणाला बघायला यायचं असेल तर शनिवारी दुपारी चहाला जरूर या. येताना जुने कपडे घालून या, गोंद निघत नाही.